शब्द सरळ होते

१

पाटीवर पोतं घातलं होतं आणि पोत्यावर कागद चिकटवला होता: 'पुरावा. हात लावू नये.'

चौकशीसाठी वरच्या कार्यालयातून आलेल्या बाई जीपमधून उतरल्या, गुडघा दाबून धरत दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग त्या पोत्याकडे बघत राहिल्या. ही व्यवस्था खात्यातल्या कुणा हुशार माणसाची असणार, यात शंका नव्हती. पाटी चुकीचा रस्ता दाखवत होती म्हणून ती झाकली. आता ती चुकीचा रस्ता दाखवत नव्हती, आणि बरोबर तरी कुठे दाखवत होती? बाई उभ्या असेपर्यंत तीन गाड्या तिठ्यावर थांबल्या, तिघांनीही बाईंनाच विचारलं, "दवाखाना कुठं हो?"

"डावीकडे. तीन किलोमीटर," बाईंनी तिघांनाही सांगितलं.

मग त्यांनी पोतं वर केलं. निळ्या पत्र्यावर पांढरी स्वच्छ अक्षरं. 'रुग्णालय ३ कि.मी.' आणि शेजारी ऐटदार बाण. उजवीकडे. उजवीकडच्या रस्त्यावर अकरा किलोमीटर गेलं की बंद पडलेली दगडाची खाण लागते आणि खाणीला कुलूप असतं.

सदतीस दिवसांपूर्वी, भर दुपारी, एक शिंपी आपल्या बायकोला घेऊन या तिठ्यावर आला होता. गावात येऊन त्याला आठच दिवस झाले होते. बायकोला दम लागला होता. त्यानं पाटी वाचली आणि उजवीकडे वळला. खाणीच्या कुलपापाशी गाडी वळवून तो परत दवाखान्यात पोचला, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या मनगटावरून बोटं उचलली आणि त्याला खुर्ची दिली.

पाटी रस्त्याच्या उजव्या कडेला होती. समोर, डाव्या कडेला, दोन खांबांवर एक मोठा फलक उभा होता. 'रस्ता सुरक्षा मोहीम. सावकाश जा, सुखरूप पोचा.' अक्षरं लहान होती, कारण बाकीची सगळी जागा एका गोल, प्रसन्न चेहऱ्यानं व्यापली होती. खाली पद लिहिलं होतं: विभागप्रमुख, रस्ते आणि चिन्हे.

बाईंनी पोतं खाली सोडलं. पिशवीतून विभागाचं पत्र काढून परत वाचलं. शिंप्याला पाठवलेलं ते पत्र पहिल्यांदा वाचलं होतं तेव्हाच त्यांनी दोन वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. 'कार्यालयीन अभिलेखानुसार सदर फलकावरील बाण डावीकडेच आहे. आपण घाईत विपरीत वाचन केले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

पत्र्यावर बाण उजवीकडे. कार्यालयात डावीकडे. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि पत्र्याला तोंड नसतं.

२

"या बाई, या. आमच्या फलक्याला भेटा," विभागप्रमुख म्हणाले. फलकावर होता तोच चेहरा, फक्त प्रसन्नपणा थोडा वाळलेला.

फलक्या म्हणजे पाट्या आखायचं सॉफ्टवेअर. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, ते फक्त टेंडरच्या कागदावर उरलं होतं. कुठल्या रस्त्यावर कुठली पाटी, किती उंच, किती अंतरावर, अक्षर केवढं, सगळं यात आखायचं. आखलं की फाइल पत्रेवाल्याकडे जायची, त्याचं यंत्र ती जशीच्या तशी कापायचं.

"माणसाचा हातच लागत नाही," साहेब म्हणाले. "त्यामुळे चूक होत नाही."

"मग झाली कशी?"

साहेबांनी पंख्याकडे बघितलं.

खात्यानं फलक्याची एकच किल्ली घेतली होती. किल्ली म्हणजे संगणकाच्या पाठीत खोचायचं बोटभर यंत्र. ते ज्या मुलीच्या नावावर दिलं होतं, तिच्या टेबलावर खोचलेलं असायचं, आणि परवलीचा शब्द पडद्याच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेला होता. त्यामुळे अख्ख्या विभागात कुणीही काहीही आखलं तरी खाली नाव तिचंच पडायचं. लेखनिकानं कपाटांवरच्या चिठ्ठ्या फलक्यात केल्या होत्या. खाली तिचं नाव. जिन्याखालच्या दारावर 'संडास नादुरुस्त आहे' अशी पाटी होती, महामार्गाच्या नियमाप्रमाणे, ऐंशीच्या वेगानं येणाऱ्या माणसालाही लांबून वाचता यावी एवढ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरांत आराखडाकार म्हणून तिचंच नाव.

"हे तुम्हालाही येतं का हो, साहेब?"

साहेबांनी अभिमानानं भिंतीकडे बोट केलं. काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र होतं. दोन दिवसांचं प्रशिक्षण, यशस्वीरीत्या पूर्ण. "पण एवढ्यातेवढ्याला मी कशाला हात लावू? माणसं आहेत ना."

त्यांनी किल्ली आपल्या खणातून काढून खोचली. घटना घडली त्याच संध्याकाळी त्यांनी ती मुलीकडून काढून घेतली होती. पडद्यावर तिठ्याची पाटी उघडली. 'रुग्णालय ३ कि.मी.', आणि अक्षरांच्या उजव्या अंगाला बाण, डावीकडे तोंड करून.

"बघा. डावाच आहे," साहेब म्हणाले. "मी आधी पत्रेवाल्यालाच धरला होता. पण त्याच्याकडे आमची पाठवलेली जुनी फाइल निघाली. तिच्यात उजवा. म्हणजे पोरीनं आधी चुकीचं आखलं, बाई मेल्याचं कळल्यावर घाबरली आणि गुपचूप बाण फिरवला." त्यांनी आवाज उतरवला. "वाईट वाटतं हो. कष्टाळू मुलगी. निलंबन झालंय, आता बहुतेक फौजदारी. पण कायदा म्हणजे कायदा."

दार वाजलं. किल्ली जिच्या नावावर होती तीच मुलगी आत आली, तिशीची, बारीक, हातात स्टीलची पट्टी. पडद्यावरच्या आकृत्यांनाही पट्टी लावून मोजायची, म्हणून विभागात तिला सगळे पट्टीच म्हणत.

तिनं टेबलावर एक सही केलेला कागद ठेवला.

"मीच केलं," ती म्हणाली. "लिहून आणलंय. घेऊन टाका."

३

बाईंनी साहेबांना चहाला पाठवलं. साहेबांना चहा नको होता, पण बाईंनी दार उघडून धरलं.

"बस," त्या पट्टीला म्हणाल्या. "कागद कुणी टाइप केला?"

"साहेबांनी. म्हणाले, कबूल केलंस की जेल टळेल."

"आणि तू केलंयस का?"

पट्टीनं हातातली स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला नीट लावून ठेवली. मग एकदम म्हणाली, "मला आठवतच नाही, बाई. चारशे बारा पाट्या आखल्या या वर्षात. ही मी केली, एवढं आठवतं. डावा काढल्याचं आठवतं. पण सदतीस दिवस रोज आठवून आठवून आता उजवा काढल्याचंही आठवायला लागलंय. डोळे मिटले की माझा हातच दिसतो, उजवीकडे जाताना. आई म्हणते, जेव. घास तोंडाशी नेते तर वाटतं, त्या बाईला असाच श्वास..." ती थांबली. "जेलचं काही नाही हो. मी केलं असेल तर मला कळायला हवं. नसेल केलं तरी. हे मधलं नाही सहन होत."

"कागदात लिहिलंय की नंतर बाण तूच फिरवलास."

"ते मी नाही केलं. किल्लीच नव्हती माझ्याकडे. पण साहेब म्हणाले, दोन्ही एकत्र लिहिलं म्हणजे प्रकरण सुटसुटीत होतं."

"सुटसुटीत," बाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी खडीसाखरेत खडा लागावा तसा तोंडात घोळवला. "पट्टे, फलक्यातली आत्ताची फाइल बघितलीस तू?"

"नाही. दाखवलीच नाही कुणी."

"नको बघूस. हा घे कागद. तिठ्याची पाटी काढ. जशी असायला हवी तशी."

पट्टीनं पट्टी लावून चौकट आखली. डाव्या टोकाला बाण काढला, डावीकडे तोंड करून. मग त्याच्या पुढे अक्षरं.

"बाण आधी? अक्षरांनंतर का नाही काढलास?"

पट्टीनं असं बघितलं, जणू बाईंनी 'चप्पल पायातच का घालायची' असं विचारलं होतं. "डावा बाण डाव्या टोकाला, उजवा उजव्या. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला. नाहीतर बाण अक्षरांत घुसतो ना. नजर आधी बाणावर पडते, मग त्याच्याबरोबर रस्त्यावर जाते. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"आणि घाबरलं की विसरतं माणूस?"

"स्वतःचं नाव विसरेन, हे नाही."

बाईंनी कागद दुमडून पिशवीत टाकला. पलीकडच्या पडद्याकडे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही. तिथला डावा बाण उजव्या टोकाला बसला होता.

४

पत्रेवाला बाहेरच बाकावर बसला होता, शेजारी पाट्या ठोकणारा. त्याला सगळे बोल्टमामा म्हणत.

"माझ्यावर काही नाही ना, बाई?" पत्रेवाल्यानं बसल्या जागेवरूनच विचारलं. "आलं तसं कापलं. पंचवीस वर्षं पत्रा कापतोय, पण दवाखाना कुठं आहे हे पत्रा कापणाऱ्यानं बघायचं नसतं."

"पाटी बघून वेडीवाकडी नाही वाटली?"

"एकदम नियमात होती. उजवा बाण उजव्या टोकाला, अक्षरं ठीकठाक. वेडीवाकडी असती तर फोन केला असता. मागं एकदा डावा बाण उजव्या टोकाला आला होता, मी पत्राच परत पाठवला."

बाईंनी त्यालाही कागद दिला. पाटी जशी असायला हवी तशी काढ म्हटल्यावर त्यानंही बाण डाव्या टोकाला काढला. बोल्टमामांनी कागद घेतलाच नाही.

"ताई, मला वाचता येतं पण बाणाच्या भानगडीत मी पडत नाही. मी खड्डा बघतो. सहा बोल्ट बघतो. पाटी हलली नाही पाहिजे. ती पाटी हलवून बघा तुम्ही, वादळ आलं तरी हलायची नाही." ते थबकले. आपण कशाचं कौतुक करतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "नको होतं इतकं घट्ट ठोकायला," ते हळूच म्हणाले.

"खड्डा कुठे खणला होता?"

"कुठला, पहिला का दुसरा?"

बाईंनी गुडघा चोळायचा थांबवला.

"पहिला डावीकडे खणला. नकाशात तिथंच होता. अर्धा खणला आणि वरून फोन आला, थांबा, पाटी रस्त्याच्या पलीकडे घ्यायची, नवा नकाशा येतोय. दुसऱ्या दिवशी नकाशा आला, उजव्या कडेला. मी म्हटलं, खणा परत. पाठ माझी, त्यांचं काय जातंय."

"फोन कुणाचा?"

"ते नाही ठाऊक. शिपायानं निरोप दिला. पण कारण ठाऊक आहे. त्या मोठ्या फलकासमोर खांब येत होता ना, सुखरूप पोचाच्या. मी खड्ड्यात उभा राहून बघितलं होतं." मामांनी तर्जनी नाकाच्या शेंड्यावर उभी धरली. "पाटी इथं येत होती. साहेबांच्या बरोब्बर नाकावर."

५

बाई परत पट्टीकडे आल्या तेव्हा ती खिडकीशी उभी होती.

"एक साधा प्रश्न. आखलेली पाटी रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला न्यायची असेल तर कशी नेतात?"

"मी उचलून नेते. पकडायची, ओढायची, सोडायची. मग उंची, अंतर परत तपासायचं. अर्धा तास जातो."

"झटपट काही?"

"आहे ना. आरसा म्हणून बटण आहे. रस्त्याच्या मधोमध रेघ धरायची आणि आरसा दाबायचा, की इकडचं सगळं तिकडे. खांब, दिवे, कठडे, सगळं एका झटक्यात. पण पाट्यांना आरसा लावत नाहीत."

"का?"

"आरशात उलटं होतं ना सगळं. डाव्याचा उजवा होतो. अक्षरं तेवढी फलक्या सरळ ठेवतो, उलटी अक्षरं वाचणार कोण? बाकी सगळं फिरतं. डाव्या टोकाचा बाण उजव्या टोकाला जातो आणि तोंडही..."

तिचा हात हवेतच राहिला. डावीकडून उजवीकडे, तिनं आत्ताच तो स्वतःच्या डोळ्यांसमोरून नेला होता.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "तू नाही नेलास. बस."

पट्टी बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि रडली, आवाज न करता, तोंडात पदराचा बोळा धरून.

साहेब चहाचे दोन कपबश्या घेऊन परत आले होते. बाईंनी एक घेतली, आभार मानले आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"एवढं राहिलं. सगळ्यांनी काढलं, तुम्हीही काढा. तिठ्याची पाटी, कशी असायला हवी होती."

"माझी परीक्षा?" साहेब हसले. पेन काढलं, आधी सुंदर अक्षरांत 'रुग्णालय ३ कि.मी.' लिहिलं आणि त्याच्या पुढे, उजव्या अंगाला, डावीकडे तोंड करून बाण काढला. बाण शेवटच्या अक्षराला टोचत होता.

"बाण इथंच का?"

"अहो, बाण कुठेही असला तरी बाणच. दिशा महत्त्वाची."

बाईंनी पट्टीचा कागद उलगडून त्याच्या शेजारी ठेवला. मग पत्रेवाल्याचा. मग संगणकाचा पडदा वळवला.

"साहेब, जिनं पाटी आखली तिनं बाण डाव्या टोकाला ठेवला असता. घाबरून दुरुस्त करतानाही तिनं तो आधी तिकडे नेला असता, मग फिरवला असता. इथं मात्र कुणीतरी बाण जागेवरच गरकन फिरवलाय. पाट्यांच्या धंद्यातला माणूस असं करणार नाही. पत्रेवाला असा पत्रा परत पाठवतो. बोल्टमामा संगणकाला शिवत नाहीत. अशी पाटी जगात आज दोनच ठिकाणी आहे. एक फलक्यात, आणि एक तुमच्या पेनाखाली."

साहेबांनी कागद बघितले. तिन्ही. मग त्यांनी चष्मा काढला, आणि चष्म्याशिवाय तो चेहरा फलकावरच्या चेहऱ्यासारखा अजिबात दिसेना.

"प्रशिक्षणात मला ते एकच बटण नीट जमलं होतं," ते म्हणाले. "मी फक्त पलीकडे घेतली हो ती पाटी. एकदा दाबलं, गेली. मी तपासलं, बाई. देवाशप्पथ तपासलं. वाचून बघितलं मी. रुग्णालय, तीन किलोमीटर. शब्द सरळ होते. शब्द सरळ होते म्हणून मी..."

"आणि नंतर?"

"नंतर वाटलं, फाइल बरोबर असली की पत्रेवाल्यावर जाईल. नाव तर माझं कुठंच नव्हतं." ते पट्टीकडे बघू शकले नाहीत. "सगळीकडे हिचंच होतं."

"शिंप्याला पत्रही तुम्हीच लिहिलंत. विपरीत वाचनाचं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

बाईंनी पट्टीचा कबुलीचा कागद उचलला, चार तुकडे केले आणि साहेबांच्या चहाच्या बशीत ठेवले. मग किल्ली संगणकातून उपटून स्वतःच्या पिशवीत टाकली.

"आता तुम्ही लिहा. हातानं. खाली नाव तुमचं."

६

बाईंचं काम तिथं संपलं होतं. पट्टी म्हणाली, "मला त्यांच्याकडे जायचंय." बाई म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलंय का?" पट्टी म्हणाली, "नाही." तेव्हा बाईंनी जीपचं दार उघडलं.

शिंप्याचं दुकान म्हणजे पुढची खोली. शिवणयंत्रावर झाकण, कात्री भिंतीला. कापडांचे गठ्ठे गाठी न सोडता तसेच. त्यानं दोघींना स्टुलं दिली, स्वतः कापायच्या टेबलाला टेकून उभा राहिला.

"मी पाट्या आखते," पट्टी म्हणाली. "तुम्ही बरोबर वाचलंत. बाण उजवीकडेच होता. पत्रात लिहिलं ते खोटं होतं."

शिंप्यानं टेबलाची कड धरली. "उजवीकडे होता?"

"हो."

"मेव्हणे म्हणाले, तू घाबरलास. खात्याचं पत्रही आलं. मग मीही म्हटलं, घाबरलो असेन. त्या दिवसापासून कात्री धरली नाही मी. म्हटलं, ज्याला डावंउजवं कळत नाही त्यानं कापड कापू नये." त्यानं टेबलाची कड सोडली. मग म्हणाला, "पण मग झालं कसं?"

पट्टीनं सांगितलं. खड्डा, फलक, आरसा. काही झाकलं नाही. शिंपी मान न हलवता ऐकत होता. आरशाचं आलं तेव्हा त्यानं हात वर केला.

"कळलं. बाह्या अशाच कापतो आम्ही. एकच कागद, एकदा सुलटा, एकदा उलटा. एक डावी होते, एक उजवी. पण ज्याला दोन्ही डाव्याच हव्या असतील त्यानं कागद उलटायचा नसतो." तो थोडा वेळ बोटांकडे बघत राहिला. "शिकाऊ माणसाची चूक आहे ही."

"हो," पट्टी म्हणाली.

"डावीकडे गेलो असतो तर किती वेळ लागला असता?"

बाईंनी पट्टीकडे बघितलं. खोटं बोलायची हीच एक वेळ होती, आणि बाई तिला काही म्हणाल्या नसत्या.

"पाच मिनिटं," पट्टी म्हणाली. "रस्ता मोकळा होता. पाचच."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, आत डोकावलं आणि परत गेलं.

"तिला कळलं होतं," शिंपी म्हणाला. "तिठ्यावर डाव्या अंगानं एक रुग्णवाहिका येताना दिसली. ती म्हणाली, अहो, डावीकडे घ्या. बोलवत नव्हतं तरी हातानं दाखवलं. मी म्हटलं, गप्प बस, पाटीवर लिहिलंय ना."

पट्टी उठली. काय करावं ते न कळून तिनं टेबलावर हात ठेवला, त्याच्या हातापासून वीतभर लांब.

"त्या बरोबर होत्या," ती म्हणाली.

शिंप्यानं मान हलवली.

"बहुतेक वेळा बरोबरच असायची. मी कधी कबूल केलं नाही, एवढंच."